सांडपाण्याचा नमुना : गाळेधारकाने वर्षाला किती पैसे बाजूला काढावेत?

छोट्या गाळ्यात धातूचे काम चालत असेल आणि तपासणी तीन महिन्यांनी एकदा करायची असेल, तर सांडपाण्याच्या तपासणीसाठी वर्षाला साधारण अठ्ठावीस-तीस हजार रुपये लागतात. दर महिन्याची अट असेल तर ऐंशी-पंच्याऐंशी हजार. गॅरेज, बेकरी, खानावळ यांचे काम तिमाही तपासणीला पंधरा-सतरा हजारांत भागते. हे आकडे सुरुवातीलाच सांगितले, कारण प्रदूषण मंडळाची नोटीस म्हटले की लाखांचे आकडे डोळ्यांसमोर येतात. त्या धास्तीने माणूस एक तर काहीच करत नाही, नाही तर एजंट सांगेल ती रक्कम मोजून मोकळा होतो. दोन्ही वाटा शेवटी महागात पडतात. हिशेब नीट मांडला तर तपासणी हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त भाग आहे.

मीरा-भाईंदरला हा हिशेब मांडण्याची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. भाईंदर हे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी ओळखले जाणारे शहर. पत्रा कापणे, दाबणे, आम्लात धुणे, पॉलिश करणे ही कामे शेकडो चौरस फुटांच्या गाळ्यांतून चालतात. जोडीला मुलामा देणारे, नकली दागिने घडवणारे, गाड्या धुणारे आणि मासळीवर प्रक्रिया करणारे. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलात की मुर्धा, राई आणि मोरवा ही गावे लागतात. इथली जमीन सखल. आजूबाजूला मिठागरे, कांदळवन आणि खाडीचे फाटे. मोरव्यात कुणी गटारात काही सोडले तर ते भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर फिरत राहते आणि ज्या पाण्यावर मीठ आणि मासळी पिकते त्यातच मिसळते. आगरी-कोळी वस्तीच्या गावात गाळा घेणाऱ्याने ही गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी.

पाइप कुठे जातो, ते आधी पाहा

प्रयोगशाळेला फोन करण्यापूर्वी एक काम फुकटात होते. न्हाणीच्या जाळीत बादलीभर रंगीत पाणी ओता आणि ते कोणत्या चेंबरात निघते ते पाहा. सांडपाणी महापालिकेच्या भुयारी गटारात जाते, रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात जाते, की शोषखड्ड्यात मुरते? पुढचे सगळे आकडे या एका उत्तरावर ठरतात.

भुयारी गटाराचे पाणी मलशुद्धीकरण केंद्रात जाते. तिथे घाण खाण्याचे काम जिवाणू करतात. पावसाळी गटाराचे पाणी मात्र कुठेही न थांबता नाल्याला आणि तिथून खाडीला मिळते. म्हणून पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत सर्वसाधारण मर्यादांचे वेगवेगळे रकाने आहेत. बीओडी म्हणजे पाण्यातली सडणारी घाण पचवायला लागणारा प्राणवायू. सार्वजनिक गटारात सोडताना बीओडी लिटरला ३५० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, नदी-नाल्यात सोडताना फक्त ३० आणि समुद्रकिनाऱ्याच्या पाण्यात १००. तरंगत्या गाळाची मर्यादा गटारासाठी ६००, उरलेल्या दोन्ही ठिकाणी १००. तेल आणि ग्रीस गटारासाठी २०, नाल्यासाठी १०. षट्संयुजी क्रोमियम गटारात लिटरला २ मिलिग्रॅम, नाल्यात ०.१. फ्लोराइड गटारात १५, नाल्यात २. सायनाइड गटारात २, नाल्यात ०.२. निकेलला दोन्हीकडे ३. आम्लता मोजणारा पीएच ५.५ ते ९ च्या दरम्यान हवा.

गटाराच्या रकान्यातली ढील या गृहीतावर दिलेली आहे की वाहिनीच्या शेवटी जैविक प्रक्रिया करणारे केंद्र आहे. तुमच्या गल्लीत भुयारी वाहिनी पोचली नसेल, किंवा पोचूनही तुमचा गाळा तिला जोडलेला नसेल, तर ३५० चा आकडा तुमच्यासाठी नाही. जोडणीबद्दल खात्री करायला प्रभाग कार्यालयात किंवा भाईंदर पश्चिमेच्या इंदिरा गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, लेखी अर्ज द्यावा आणि उत्तरही लेखीच घ्यावे. शेजारच्या गाळेवाल्याने तोंडी सांगितलेल्यावर पुढे कुणीही विश्वास ठेवणार नाही.

रुग्णालये आणि पॅथॉलॉजी लॅबना हा भेद २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट लिहून दिला आहे. शेवटी शुद्धीकरण केंद्र असलेल्या गटाराला जोडणी असेल तर सर्वसाधारण मर्यादा लागू होतात. नसेल तर बीओडी ३०, सीओडी (म्हणजे घाण रसायनाने जाळायला लागणारा प्राणवायू) २५०, आणि वर माशांची चाचणी. पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहायला हवेत.

संमतीपत्रातले आकडे अंतिम

अनुसूचीतले आकडे पाठ केले तरी शेवटचा शब्द तुमच्या संमतीपत्राचा. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ हे पत्र देते. धंदेवाले त्याला ‘कन्सेंट’ म्हणतात. त्यात रोज किती पाणी वापरायचे, किती सांडपाणी सोडायचे, कोणते घटक किती मर्यादेत ठेवायचे आणि तपासणी किती दिवसांनी करायची हे लिहिलेले असते. मंडळ अनुसूचीपेक्षा कडक मर्यादाही घालू शकते. एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, अशी अट असलेल्या कारखान्याला गटाराचा रकाना वाचण्यात अर्थ नाही.

संमतीपत्राची फी भांडवली गुंतवणुकीच्या टप्प्यांवर ठरते आणि गुंतवणुकीचा आकडा सनदी लेखापालाच्या दाखल्यावरून घेतला जातो. गुंतवणूक कमी दाखवून फी वाचवण्याचा मोह टाळावा. यंत्रे वाढवल्यावर नवा दाखला द्यावा लागतो, आणि तेव्हा जुना आकडा उघडा पडतो.

उद्योगांचे गट रंगांवर आहेत. आम्लात धुणे (पिकलिंग), मुलामा देणे, फॉस्फेटिंग अशी धातूच्या पृष्ठभागावरची प्रक्रिया लाल गटात येते, मग गाळा कितीही लहान असो. गाड्या धुण्या-दुरुस्त करण्याचे काम नारिंगी गटात. छोटी बेकरी हिरव्या गटात. नुसते पत्रा कापण्याचे आणि दाबण्याचे काम करणाऱ्याने शेजारी पिकलिंग करतो म्हणून स्वतःला लाल गटात धरू नये, पण आम्लाची एक टाकी जरी कोपऱ्यात ठेवली तरी गट बदलतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. टँकरच्या पावत्या आणि पाण्याची बिले जपून ठेवावीत. संमतीपत्रात रोज दोन हजार लिटर लिहिले आहे आणि पावत्या पाच हजारांच्या आहेत, तर पाणी कितीही स्वच्छ असले तरी अट मोडलेलीच आहे.

तपासणीचा खर्च, घटकवार

मुंबई-ठाणे परिसरातल्या खासगी प्रयोगशाळांचे दर सारखे नाहीत. खालचे आकडे अंदाज म्हणून धरावेत आणि तीन ठिकाणी लेखी दर मागवावेत. पीएच, तरंगता गाळ, विरघळलेले क्षार, बीओडी, सीओडी, तेल-ग्रीस या मूळ संचाला दीड ते साडेतीन हजार लागतात. प्रत्येक धातूला तीनशे ते सातशे. फ्लोराइडला अडीचशे ते पाचशे. सायनाइडला त्याहून थोडे अधिक. नमुना घ्यायला माणूस येणार असेल तर पाचशे ते दोन हजार, अंतरावर अवलंबून. या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी, ज्याची वजावट नोंदणीकृत गाळेधारकाला सहसा मिळते.

स्टील धुणाऱ्या गाळ्याचे उदाहरण घेऊ. मूळ संच २,५०० रुपये. एकूण क्रोमियम, षट्संयुजी क्रोमियम, निकेल आणि लोह मिळून २,०००. फ्लोराइड ४००. माणसाची फेरी १,०००. बेरीज ५,९००. त्यावर जीएसटी १,०६२. एका नमुन्याला ६,९६२ रुपये. वर्षाला चार नमुने म्हणजे २७,८४८ आणि बारा म्हणजे ८३,५४४. गॅरेजला धातूंची गरज सहसा नसते, त्यामुळे मूळ संच आणि फेरी मिळून जीएसटीसह ४,१३० रुपये, वर्षाला चार वेळा १६,५२०.

पैसे वाचवायची खरी जागा घटकांच्या यादीत आहे. काही प्रयोगशाळा तीस-पस्तीस घटकांचे ‘पॅकेज’ पुढे करतात. संमतीपत्रात नसलेल्या आणि तुमच्या कामात येऊच न शकणाऱ्या घटकांसाठी पैसे देण्याचे कारण नाही. खानावळीच्या पाण्यात पारा शोधून काय मिळणार? उलट स्टील धुणाऱ्याने फ्लोराइड गाळून स्वस्तातला संच घेतला, तर ज्या घटकाने त्याचा नमुना बहुधा नापास होईल तोच तपासायचा राहतो.

प्रयोगशाळा निवडताना ती एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त किंवा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मान्यता असलेली हवी, आणि मान्यता त्या विशिष्ट घटकासाठी हवी. पिण्याच्या पाण्याची मान्यता सांडपाण्याला चालत नाही. मान्यतेची व्याप्ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. एनएबीएलचे चिन्ह असलेल्या अहवालावर यूएलआर हा खास क्रमांक असतो, तो आहे ना ते बघावे. नमुना घ्यायला कुणी आलेच नाही आणि अहवाल मात्र टेबलावर आला, अशी सेवा कितीही कमी पैशांत मिळाली तरी घेऊ नये. त्या अहवालातले पाणी तुमचे नाही. उद्या मंडळाच्या माणसाने तुमच्या चेंबरातले पाणी घेतले की दोन अहवाल समोरासमोर येतील.

नमुना कसा घेतला जातो

इथे थोडे थांबू, कारण अहवाल नापास होण्यामागे पाण्याइतकाच बाटलीचाही हात असतो.

एका बाटलीत सगळे बसत नाही. बीओडीची बाटली काठोकाठ भरून, आत हवेचा बुडबुडा न ठेवता बंद करतात आणि बर्फाच्या पेटीत सुमारे ४ अंशांवर ठेवतात. ती शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हवी, कारण आतले जिवाणू थांबत नाहीत. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात, म्हणून उद्या अहवाल देतो म्हणणाऱ्याला बीओडी कुठून आणला ते विचारावे. सीओडीच्या बाटलीत गंधकाम्ल आणि धातूंच्या बाटलीत नत्राम्ल आधीच घातलेले असते. या बाटल्या विसळायच्या नसतात आणि उतू जाऊ द्यायच्या नसतात, नाही तर आम्ल निघून जाते. षट्संयुजी क्रोमियमची बाटली वेगळी, आम्लाशिवाय, आणि चाचणी चोवीस तासांच्या आत. तेलासाठी रुंद तोंडाची काचेची बाटली लागते. तेल प्लॅस्टिकला चिकटते, म्हणून ती थेट धारेखाली धरून भरतात, बादलीतून ओतून नाही. फ्लोराइडचे उलट. त्याला काच चालत नाही, प्लॅस्टिकच हवे. सायनाइडच्या बाटलीत कॉस्टिक घालून पीएच १२ च्या वर नेतात. सायनाइड असलेल्या पाण्यात आम्ल कधीही, कुठल्याही कारणाने घालू नये. निघणारा वायू जीव घेतो. पीएच आणि तापमान जागेवरच मोजायचे असते.

माणूस एकच मोठी बाटली भरून सगळे घटक लिहून देत असेल, तर त्याला परत पाठवा आणि पैसे देऊ नका.

एकदाच घेतलेल्या नमुन्याला ग्रॅब म्हणतात. दर तासाला घेतलेले भाग प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र केले तर तो संमिश्र नमुना. संमतीपत्रात संमिश्र लिहिले असेल तर माणूस दिवसभर थांबतो आणि फेरीचा खर्च वाढतो. पीएच, तेल आणि सायनाइड यांच्यासाठी मात्र संमिश्र चालत नाही. छोट्या गाळ्याला यातून सुटायला चांगली वाट आहे. दिवसाचे पाणी एका टाकीत साठवा, प्रक्रिया करा, गाळ खाली बसू द्या आणि झडप उघडण्याआधी नमुना घ्या. टाकीतले पाणी सगळीकडे सारखे असते, त्यामुळे एक नमुना पुरतो. शिवाय आकडा चुकला तर पाणी अजून तुमच्याच ताब्यात असते.

नमुना घेण्याची जागा हा एकदाचा खर्च. गाळ्याचे पाणी सार्वजनिक वाहिनीला मिळण्याआधी, संडास-न्हाणीचे पाणी त्यात मिसळण्याआधी, एक छोटा चेंबर बांधून घ्यावा. पाइपाचे तोंड तळापासून वीतभर वर ठेवावे, म्हणजे बाटली धारेखाली धरता येते. गवंडी आणि झाकण मिळून काही हजारांत काम होते. लांब दांड्याचे डबडे ठेवावे. नमुन्यासाठी कुणालाही मॅनहोलमध्ये उतरवू नये, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. गटारातला विषारी वायू वासावरून ओळखून बाहेर येण्याइतका वेळ देत नाही, आणि हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षणाशिवाय गटारात उतरवणे गुन्हा आहे.

रोजच्या खात्रीसाठी हातातला पीएच मीटर दीड ते चार हजारांत मिळतो. त्याच्यासोबत ठरावीक पीएचची बफर द्रावणे घ्यावीत आणि दर आठवड्याला मीटर त्यांवर पारखावा. रोजचा आकडा वहीत तारखेसह लिहिलेला असला तर अधिकाऱ्यापुढे त्या वहीचे वजन पडते. पाइपाच्या शेवटी बसवायची महागडी ऑनलाइन यंत्रणा सतरा अतिप्रदूषक उद्योगगटांसाठी आणि सामायिक प्रक्रिया केंद्रांसाठी आहे. तुमच्या संमतीपत्रात किंवा मंडळाच्या आदेशात ती लिहिलेली नसेल, तर विक्रेता काहीही म्हणो, लाखो रुपये तिच्यात घालण्याची गरज नाही.

मंडळाचा अधिकारी आला, तर

स्वतः करून घेतलेली तपासणी वेगळी आणि मंडळाने घेतलेला नमुना वेगळा. मंडळाच्या नमुन्याला बोलीत ‘जेव्हीएस’ म्हणतात. जल कायद्याच्या कलम २१ मध्ये त्याची पद्धत ठरवून दिली आहे आणि ती तुमच्याही संरक्षणासाठी आहे. अधिकाऱ्याने नमुना घेण्याचा हेतू नोटिशीने कळवायचा, तुमच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही डब्यांवर खूण, सील आणि दोघांच्या सह्या घ्यायच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो. दुसरा भाग, तुम्ही मागणी केलीत तर, राज्य सरकारने ठरवलेल्या प्रयोगशाळेत.

मागणी तिथल्या तिथे करावी लागते. हजर असूनही दोन भाग करा असे तुम्ही म्हटले नाही, तर अधिकारी एकच डबा सील करून पाठवू शकतो आणि तोही कायद्यात बसतो. म्हणून मालक नसताना गाळ्यावर जो असेल त्याला हे वाक्य शिकवून ठेवा : नमुन्याचे दोन भाग करा आणि दुसरा भाग सरकारी प्रयोगशाळेत पाठवा. तसे कागदावर लिहून त्याची पोच घ्यावी. दोन अहवालांत तफावत आली तर कलम २२ प्रमाणे दुसऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल मानला जातो. खर्च मात्र तुमचा. न भरल्यास तो जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल होतो. काही हजारांच्या या खर्चावर कंजुषी करू नये. पद्धत पाळली नसेल तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, पण ते म्हणण्यासाठी तुम्ही तिथे हजर राहून काय घडले ते लिहून ठेवलेले असावे लागते. दार लावून घेणे, पंप बंद करणे, नळाचे पाणी सोडून सांडपाणी पातळ करणे, यातले काहीही करू नये.

पाणी पास होण्याचा खर्च

तपासणी स्वस्त असते. पाणी सुधारणे तिच्यापेक्षा महाग, आणि चुकीच्या औषधाने सुधारायला गेलात तर दुप्पट महाग. स्टील धुण्यासाठी नत्राम्ल आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते मारायला अनेक जण कॉस्टिक सोडा टाकतात, कारण तो पटकन विरघळतो आणि गाळ कमी पडतो. पीएच ७ येतो, मालक निश्चिंत होतो आणि फ्लोराइड नापास होते. सोडियम फ्लोराइड पाण्यात विरघळलेलेच राहते. चुना टाकला तर कॅल्शियम फ्लोराइड होऊन ते तळाला बसते. चुन्याचा गाळ जास्त पडतो, पण काम होते.

क्रोमियमचेही तसेच. षट्संयुजी क्रोमियम चुन्याने बसत नाही. आधी पाणी आम्लधर्मी असतानाच, पीएच २-३ च्या आसपास, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकून ते त्रिसंयुजी करावे लागते आणि मग चुन्याने पीएच वाढवून खाली बसवावे लागते. क्रम उलटा झाला तर रसायनाचे पैसे वाया.

खाली बसलेला गाळ हा घातक कचरा. तो महापालिकेच्या घंटागाडीत जात नाही आणि मिठागराच्या बांधावर तर मुळीच नाही. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे तो गाळ्यात नव्वद दिवसांपर्यंत साठवता येतो. मग नोंदी आणि मॅनिफेस्टसह (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) तळोज्यासारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे पाठवायचा. तिथे सदस्यत्वाची फी, वजनावर दर आणि वाहतूक असे तीन खर्च असतात, आणि छोट्या गाळ्याला यांत वाहतूकच जड जाते. एकाच औद्योगिक वसाहतीतल्या गाळेधारकांनी ठरवून एकाच दिवशी गाडी मागवली तर तो भार वाटला जातो. मॅनिफेस्ट प्रत्येकाचा स्वतंत्र हवा. वर्षाचे घातक कचऱ्याचे विवरण ३० जूनपर्यंत आणि पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत भरायचे. ही दोन्ही कामे स्वतः करता येतात. त्यासाठी सल्लागाराला मोठी रक्कम देण्याचे कारण नाही.

नापास झालात तर

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पर्यावरणीय भरपाईचे सूत्र ठरवून दिले आहे. गटाचा निर्देशांक, उल्लंघनाचे दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार आणि शहराची लोकसंख्या यांचा गुणाकार. लाल गटाचा निर्देशांक ८०, नारिंगीचा ५०, हिरव्याचा ३०. रुपयांचा गुणक सुचवलेला आहे २५०. लघुउद्योगाला ०.५. दहा लाखांखालच्या शहराला १, त्यावरच्या टप्प्याला १.२५. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ होती. ती धरली तर पिकलिंगच्या छोट्या गाळ्याला ८० गुणिले २५० गुणिले ०.५, म्हणजे दिवसाला १०,००० रुपये. शहर दहा लाखांवरचे धरले तर १२,५००. नारिंगी गटातल्या गॅरेजला दिवसाला ६,२५० किंवा थोडे जास्त. हिरव्या गटातल्या बेकरीचे गणित ३,७५० येते, पण किमान भरपाई दिवसाला ५,००० असल्याने तेवढी भरावी लागते.

हे दिवस उल्लंघनापासून सुधारणा होईपर्यंत मोजले जातात. महिनाभर दुर्लक्ष केले तर लाल गटाच्या गाळ्याला तीन लाख. चार तिमाही नमुन्यांचा वर्षाचा खर्च तीन दिवसांच्या भरपाईहून कमी आहे आणि दर महिन्याच्या बारा नमुन्यांचा नऊ दिवसांहून कमी. त्याखेरीज जल कायद्याच्या कलम ३३अ खाली मंडळ उत्पादन बंद करण्याचा आणि वीज-पाणी तोडण्याचा आदेश देऊ शकते. बंद गाळ्याचे भाडे आणि कामगारांचे पगार त्या सूत्रात धरलेले नाहीत.

भाडेकरूंनी एक गोष्ट करारातच पक्की करावी. कायद्याच्या दृष्टीने जबाबदार तो, ज्याच्या ताब्यात कारखान्याचा कारभार आहे. गाळा मालकाचा असला तरी संमतीपत्र, भरपाई आणि नोटीस तुमच्या नावाने येणार. चेंबर बांधायला मालकाची परवानगी, वाहिनीच्या जोडणीचा कागद आणि आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला गाळ उचलण्याची जबाबदारी, या तिन्ही गोष्टी भाडेकराराच्या मसुद्यात लिहून घ्याव्यात. अनामत रक्कम देण्यापूर्वी.

तेव्हा आजच संमतीपत्र फाइलीतून काढा आणि चार गोष्टी पाहा : मुदत कधी संपते, सांडपाणी कुठे सोडायला परवानगी आहे, कोणते घटक लिहिले आहेत आणि किती दिवसांनी तपासायचे आहेत. मुदत संपली असेल तर नमुन्याआधी नूतनीकरणाचा अर्ज करा. मुदत शिल्लक असेल तर पहिला नमुना पावसाळ्याआधी घ्या, कारण पावसाचे पाणी चेंबरात शिरले की आकडे खाली येतात आणि त्या अहवालावर विसंबून राहता येत नाही.